कागदावरून मातीत, मातीतून कागदावर : स्वतःची शैली ओळखण्याची एक पद्धत

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा झाल्या, फाउंडेशन किंवा ए.टी.डी.चे (कला शिक्षक पदविकेचे) वर्ष संपले, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र बऱ्यापैकी जमू लागले, की चित्रकलेच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न हमखास पडतो. हात तयार झालेला असतो, पण चित्र पाहून ते कोणाचे हे सांगता येत नाही. ते कोणत्या सरांच्या वर्गात शिकलेल्या मुलाचे आहे, एवढे मात्र पाहणाऱ्याला चटकन कळते. कोल्हापुरात हा प्रश्न जरा जास्तच जाचक होतो, कारण येथील परंपरा भरभक्कम आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परतलेल्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा काठ रंगवला, दत्तोबा दळवी आणि बाबूराव पेंटर यांच्या पिढीने त्या वाटेवर आपापली भर घातली, आणि पुढे येथील कितीतरी हातांनी तोच घाट, तेच पाणी आणि तोच सकाळचा उजेड जलरंगात उतरवला. आज घाटाच्या पायऱ्या, एखादे देऊळ आणि पाण्यातले त्याचे प्रतिबिंब सराईतपणे काढले, की चित्र ‘कोल्हापूरचे’ होते. ते अनेकदा देखणेही असते. ते काढणाऱ्याचे असतेच असे नाही.

शैली बाजारातल्या कापडासारखी निवडून आणता येत नाही, हे बहुतेकांना तोंडाने मान्य असते, तरीही व्यवहारात विद्यार्थी ती निवडायलाच जातात: एखाद्याची तुटक रेषा आवडली म्हणून आपलीही रेषा तुटक करतात, कोणाचे पसरट फटकारे आवडले म्हणून रुंद ब्रश विकत घेतात. या लेखात जी पद्धत सांगायची आहे, ती याच्या उलट दिशेने जाते. एकच विषय घेऊन त्याचे भरपूर रेखाटन करावे, तोच विषय मातीत घडवावा, घडवलेल्या मातीवरून पुन्हा रेखाटन करावे आणि शेवटी मूळ विषयाकडे परत जावे. या फेऱ्यात जे गळून पडते, ते बहुधा उसने असते. कागदावरून मातीत आणि मातीतून कागदावर जाऊनही जे टिकून राहते, तो आपला कल असतो. कारण साधे आहे. रेखाटनात एकाच बाजूचा निर्णय घ्यावा लागतो आणि अडचणीची जागा छायेत बुडवून सुटका करून घेता येते. मातीला मात्र सर्व बाजूंनी उत्तर द्यावे लागते, तिथे छाया आपण काढत नाही, ती घडणीतून आपोआप पडते. या दोन अगदी वेगळ्या परीक्षांमध्ये हाताने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली, तर तिची दखल घेतलीच पाहिजे.

साहित्य

साहित्याचा फार विचार करू नये. रेखाटनासाठी क्वार्टर इम्पिरियल आकाराचे साधे कार्ट्रिज कागद, ४बी आणि ६बी पेन्सिली, कोळशाच्या काही कांड्या आणि कागद अडकवायला क्लिपचा बोर्ड पुरतो. कागद भारी असला की तो वाया जाण्याची भीती वाटते आणि हात आखडतो, म्हणून स्वस्तातला कागद भरपूर असावा. मातीकामासाठी शाडू, एक जाड लाकडी पाट, बांबूच्या किंवा लाकडाच्या दोनतीन कोरण्या, कापायला बारीक तार, सुती फडके आणि प्लॅस्टिकची पिशवी एवढे जमवावे. फिरता पाट मिळाला तर उत्तम. नाहीतर उंच स्टुलावर काम ठेवून आपणच त्याच्याभोवती फिरावे.

विषय कोणता घ्यावा

विषय जवळचा, वारंवार पाहता येणारा आणि सर्व बाजूंनी फिरून पाहता येईल असा हवा. निसर्गचित्र या कामासाठी चालत नाही, कारण रंकाळ्यावरचा उजेड मातीत घडवता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे डोके, तालमीतला पैलवान किंवा जनावर हे तीन विषय कोल्हापुरात सहज उपलब्ध आहेत. पैलवानाचे शरीर अभ्यासाला फार चांगले असते, कारण मान, खांदा आणि पाठ यांतील स्नायूंची रचना एरवीच्या माणसापेक्षा स्पष्ट दिसते; परंतु तालमीत वस्तादांची परवानगी घेतल्याशिवाय वही उघडू नये आणि जोर-बैठकांच्या वेळी मध्येमध्ये करू नये. घरचे माणूस दोनतीन बैठकांनंतर कंटाळते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

माझा कल म्हशीकडे आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची पद्धत कोल्हापूरकरांना सांगायला नको. तिथे जनावर काही वेळ एका जागी उभे असते आणि आपल्याकडे बघत नाही, यापेक्षा चांगले मॉडेल कोणते? गावाकडे ज्यांचा गोठा आहे, त्यांना तर तेवढीही पायपीट नको. म्हशीच्या अंगावर लोकर नाही की गाईसारखे वशिंड नाही. सगळी रचना काळ्या, गुळगुळीत कातडीखाली उघडी असते. पाठीच्या कण्याची धार खांद्यापासून मागे जाते आणि पुठ्ठ्याजवळ दोन्ही बाजूंची कंबरेची हाडे एकदम वर उचलली जातात. त्या हाडाच्या पुढे, शेवटच्या बरगडीच्या मागे, एक तिकोनी खळगा असतो. जनावराचे पोट भरले की तो भरतो आणि उपाशी असले की खोल जातो. पंढरपुरी जातीच्या म्हशीची शिंगे लांब असतात, ती मागे जाऊन खांद्याच्याही पलीकडे पोचतात आणि जाताना थोडा पीळ घेतात. मुऱ्हा म्हशीची शिंगे आखूड आणि घट्ट वळलेली असतात. पंढरपुरी शिंग एका बाजूने काढायला अगदी सोपे वाटते. मातीत करायला घेतले, की ते नेमके कुठे चपटे आहे, कुठे गोल आहे आणि पीळ कोणत्या बाजूला आहे, हे आपण पाहिलेच नव्हते असे लक्षात येते.

पहिली फेरी कागदावर

पहिल्या आठवड्यात फक्त जलद रेखाटने करावीत. प्रत्येकाला एक-दोन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये, खोडरबर घरी ठेवावे आणि एका कागदावर चारपाच रेखाटने बसली तरी चालतील. जनावर हलले तर कागदावर दुसरीकडे नवे रेखाटन सुरू करावे. पहिल्या स्थितीत ते परत आले, की अर्धवट सोडलेले पुढे न्यावे. सुरुवात तपशिलापासून करू नये. भार कोणत्या पायांवर आहे, पाठ कुठे झुकली आहे, पोटाचा घेर जमिनीपासून किती उंचीवर आहे, एवढे आधी ठरले पाहिजे. पेन्सिल हातभर अंतरावर धरून मापे घेण्याची शाळेतली सवय येथे सोडू नये. पायांमधली रिकामी जागा हाही एक आकार आहे, तो बरोबर आला तर पाय आपोआप जागेवर बसतात.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी स्मरणातून एक चित्र काढावे. परीक्षेतल्या स्मरणचित्रात प्रसंग रंगवायचा असतो. इथे फक्त तेच जनावर, तीच स्थिती, वही बंद ठेवून आठवायची आहे. हे काम टाळले जाते, कारण त्यात चित्र वाईट येते. तरीही ते करावेच, कारण डोळ्यासमोर विषय असताना हात त्याच्या मागे धावत असतो. विषय नसताना हात काय ठेवतो आणि काय सोडतो, ते या चित्रात उघडे पडते. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, जागा आणि ‘समोरून’ किंवा ‘आठवून’ असे लिहावे. पुढे ढीग वाढला, की ही नोंद नसलेले कागद निरुपयोगी ठरतात.

माती

शाडू भिजवून, खडे काढून, कणकेपेक्षा थोडी घट्ट होईल इतकी मळावी. पहिले काम वीतभर लांबीचे असावे. त्याहून लहान केले तर बोटांच्या टोकांचेच काम होते आणि मोठे केले तर सांगाडा लागतो. उभे जनावर करायचे असेल, तर पायांत तार घालावी लागते, आणि तार घातलेली शाडू सुकू दिली की तडकते, कारण माती सुकताना आकसते आणि तार आकसत नाही. म्हणून सुरुवात रवंथ करत बसलेल्या म्हशीपासून करणे शहाणपणाचे आहे. ती एक सलग गोळा असते, तिला सांगाडा लागत नाही, आणि चारही पाय अंगाखाली कसे मुडपले जातात हे समजून घेताना आपली रेखाटने किती वरवरची होती तेही कळते.

काम करताना वही समोर ठेवू नये. हा नियम विद्यार्थ्यांना जाचक वाटतो, पण त्याला कारण आहे: वही पाहून माती केली, तर आपण रेखाटनाची त्रिमित नक्कल करू लागतो आणि एकाच बाजूने चांगले दिसणारे शिल्प तयार होते. आधी सगळा गोळा एकत्र बसवावा, मग मान आणि पुठ्ठा यांची दिशा ठरवावी, आणि नाक, डोळा, कान यांना शेवटपर्यंत हात लावू नये. दर थोड्या वेळाने पाट फिरवावा. एकाच बाजूला अर्धा तास काम केले, की दुसरी बाजू हटकून बिघडते. मधूनच खोलीतला दिवा बंद करून एकाच खिडकीचा उजेड घ्यावा. जी उंची-खोली दिव्याखाली पुरेशी वाटत होती, ती तिरप्या उजेडात कशी दिसते ते पाहावे. मातीवर हात फिरवून तिला गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा. बोटांचे ठसे आणि कोरणीचे फटके हे पुढे वाचायचे पुरावे आहेत. ओल्या फडक्याने ते पुसून टाकले, की उरते ते दुकानातले खेळणे.

काम अर्धवट सोडताना ओले फडके गुंडाळून वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात माती बराच काळ ओली राहते, त्यामुळे हा अभ्यास जून-जुलैत सुरू करणे सोयीचे पडते. एप्रिल-मेमध्ये मात्र दिवसातून दोनदा फडके भिजवावे लागते.

काम जपून ठेवण्यासारखे वाटले, तर प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये त्याचे कास्टिंग करावे. वेस्ट मोल्डच्या, म्हणजे शेवटी फोडून टाकायच्या साच्याच्या पद्धतीत पहिला पातळ थर थोडी नीळ घातलेल्या प्लॅस्टरचा देतात आणि त्यावर पांढऱ्या प्लॅस्टरचा जाड थर चढवतात; साचा वाळल्यावर आतली माती काढून, आतून साबण आणि तेलाचा हात फिरवून त्यात नवे प्लॅस्टर ओततात. नंतर साचा छिन्नीने फोडताना निळा थर दिसू लागला, की आता शिल्प जवळ आले आणि हात जपून चालवायचा, हे समजते. नेहमी पाण्यात प्लॅस्टर घालावे, प्लॅस्टरमध्ये पाणी नव्हे. चिमटीने पसरत पसरत ते पाण्याच्या वर किंचित दिसू लागले, की ढवळावे. उरलेले प्लॅस्टर मोरीत ओतू नये. ते पाण्याखालीही घट्ट होते आणि नळ तुंबतो. पहिल्या दोनतीन कामांचे कास्टिंग करण्याची खरे तर गरजही नसते. त्यांचे फोटो चारही बाजूंनी काढून माती पुन्हा भिजत घालावी.

मातीवरून पुन्हा कागद

आता घडवलेले शिल्प टेबलावर ठेवावे, एका बाजूने एकच दिवा लावावा आणि त्याची आठ दिशांनी आठ रेखाटने करावीत. ही रेखाटने सावकाश, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास देऊन करावीत. समोर आता म्हैस नाही. आपणच घेतलेले निर्णय आहेत. काही दिशांनी काम चांगले दिसेल, काही दिशांनी ते कोसळलेले दिसेल, आणि जिथे ते कोसळते, तिथे आपण मूळ विषय पाहिलेलाच नसतो. ती जागा ठरवून घ्यावी आणि पुन्हा गंगावेशीत जावे. दुसऱ्या खेपेला रेखाटनाची तऱ्हाच बदललेली आढळते: रेषा कमी होतात आणि प्रत्येक रेषा एखाद्या वळणाला धरून जाते, कारण ती रेषा पलीकडे कुठे जाते हे आता बोटांना ठाऊक झालेले असते.

हा फेरा एकदा करून थांबू नये. तीनचार फेरे झाल्याशिवाय पुढचे काम करण्यात अर्थ नाही, आणि एका विषयाला पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा वेळ दिला तर तो जास्त होत नाही.

पुरावा कसा वाचावा

सगळे कागद मोठ्या खोलीत जमिनीवर मांडावेत, मधोमध मातीची कामे किंवा त्यांचे फोटो ठेवावेत. चांगले-वाईट ठरवू नये. फक्त वारंवार काय येते ते पाहावे. कागदावर पहिली रेषा कुठे पडते: पाठीवर, की जमिनीवर? जोर कुठे येतो? एखाद्याच्या प्रत्येक रेखाटनात वजन खाली बसलेले असते, पोट जमिनीकडे ओढलेले, पाय आखूड. मातीतही त्याने तळ रुंद केलेला असतो. दुसऱ्याच्या हातून कण्याची धार आणि कंबरेची हाडे नेहमी मापापेक्षा उंच जातात आणि मातीत तिथेच कोरणीचे तीक्ष्ण फटके दिसतात. तिसरा डोके जवळजवळ सोडूनच देतो. आठवून काढलेल्या चित्रांना येथे सर्वात जास्त किंमत द्यावी.

यानंतरचा भाग नाजूक आहे, कारण कल आणि चूक या दोन्ही गोष्टी मापात न बसणाऱ्याच असतात. त्यांत फरक करण्यासाठी एक काम मुद्दाम मापात करावे. दोरी किंवा कॅलिपर घेऊन प्रमाणे तपासावीत, कंबरेच्या हाडाची उंची आणि पोटाचा घेर जसा आहे तसा आणावा, आणि असे एक काटेकोर शिल्प व एक काटेकोर चित्र पूर्ण करावे. ते जमत नसेल, तर अजून शैलीचा विषय काढू नये; आधी ते शिकावे. जमले, की पुन्हा मोकळेपणाने काम करावे. माप ठाऊक झाल्यावर जो दोष निघून जातो, ती चूक होती. माप ठाऊक असूनही हात त्याच बाजूला जातो आणि मापातल्या कामापेक्षा हे काम अधिक बोलके होते, तर तो कल आहे. अधिक बोलके झाले की नाही, हे ठरवायला मात्र स्वतःचा डोळा पुरत नाही. जाणत्या माणसाला दोन्ही कामे काही न सांगता दाखवावीत. तो माणूस चित्रकारच असला पाहिजे असे नाही. म्हशीच्या बाबतीत गवळ्याचे मत मी चित्रकाराच्या मतापेक्षा वरचे मानतो, कारण जनावर आजारी दिसते की धडधाकट, गाभण दिसते की भाकड, हे तो एका नजरेत सांगतो, आणि शिल्पात जिवंतपणा आला आहे का, हा प्रश्न त्याहून फार वेगळा नाही.

लकब आणि शैली यांतला फरकही याच मांडणीत दिसतो. कोळसा बोटाने पसरवून आणलेला धूसरपणा, मुद्दाम सोडलेली तुटकी बाह्यरेषा, रंगाचे ओघळ या गोष्टी मातीत नेता येत नाहीत. परंतु धूसरपणाची ओढ खरी असेल, तर ती मातीत दुसऱ्या रूपाने येते: कडा मऊ राहतात, एक आकार दुसऱ्यात विरघळतो. तसे काहीच आले नाही, कागदावर धूसर आणि मातीत करकरीत अशी फाटाफूट राहिली, तर त्यांतले एक रूप बहुधा उसने आहे. या कसोटीला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. रंगाची जाण तिच्यात तपासता येत नाही. आबालाल रहिमान यांच्या चित्रांतला उजेड माती घेऊन समजणार नाही. त्यासाठी पाण्याच्या काठी रंगपेटी घेऊन बसावे लागेल, आणि ज्याचा जीव रंगात आहे त्याने हा सगळा अभ्यास पूर्वतयारी समजूनच करावा.

दगडातले हात

स्वतःचे फेरे चालू असतानाच जुनी शिल्पे पाहायला जावे. आधी गेले तर त्यांचाच हात आपल्या हातावर बसतो. अंबाबाईच्या देवळाच्या बाह्य भिंतींवर नर्तकी आणि वादक स्त्रियांच्या मूर्ती आहेत. गर्दी नसलेल्या दिवशी, सकाळी लवकर, परवानगी घेऊन तिथे रेखाटन करावे. नवरात्रात हा विचारही करू नये. दागिन्यांपासून सुरुवात केली तर सबंध सकाळ दागिन्यांतच जाते, म्हणून आधी डोके, छाती आणि कंबर हे तीन भाग कोणत्या दिशांना झुकले आहेत, एवढेच तीन तिरप्या रेषांनी मांडावे.

शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर हे या अभ्यासासाठी अधिक सोयीचे आहे, कारण तिथे दिवसभर बसता येते. बाराव्या शतकातील शिलाहारांच्या काळातले हे मंदिर, स्वर्गमंडपाच्या उघड्या वर्तुळाकृती छतामुळे प्रसिद्ध आहे. मंडपातील खांबांवर त्या वर्तुळातून येणारा उजेड दिवसभर सरकत राहतो. एकाच खांबाची दोन-दोन तासांच्या अंतराने रेखाटने केली, तर छाया ही वस्तूची नसून उजेडाची आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र आपल्या कामाचा खरा धडा बाहेरच्या बाजूला, मंदिराला पाठीवर घेऊन उभ्या असलेल्या ९२ हत्तींच्या गजपट्टात आहे. विषय एक, जागा एक, दगड एक, तरीही हत्ती एकसारखे नाहीत. अनेकांच्या सोंडा तुटल्या आहेत. अशा हत्तींचे रेखाटन मुद्दाम करावे, कारण लक्ष वेधणारा अवयव गेल्यावर खांद्याचा आणि पायांचा भार कसा तोलला आहे, ते स्वच्छ दिसते. दोन शेजारचे हत्ती निवडून त्यांत काय वेगळे आहे हे शब्दांत न लिहिता फक्त रेषांनी दाखवता येते का, हा अभ्यास एका भेटीला पुरेसा आहे.

शहरात परत आल्यावर टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी ब्राँझ मूर्ती पाहावी. देवळातल्या दगडी शरीराशेजारी ही परक्या घडणीची मूर्ती मनात ठेवली, की शरीर उभे करण्याचे दोन निरनिराळे विचार समोर येतात. आणि कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्री यांनी घडवलेला ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे. मागच्या पायांवर उठलेला तो घोडा रोज पाहून पाहून कोल्हापूरकरांना दिसेनासा झाला आहे. चौकाला मिळणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर काही अंतरावर थांबून त्याची फक्त काळी आकृती, आतील एकही तपशील न भरता, कागदावर उतरवावी. रस्त्यागणिक ही आकृती बदलत जाते, तरीही घोड्याचे उसळणे हरवत नाही. आपल्या वीतभर म्हशीला हीच कसोटी लावून पाहावी.

कुंभार गल्लीत

गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने शाहूपुरी, गंगावेस किंवा बापट कॅम्प परिसरातील एखाद्या मूर्तिकाराकडे हाताखाली काम करायला मिळाले, तर ते सोडू नये. शाडू मळण्यापासून जोड लपवण्यापर्यंत माती हाताळण्याचे जे ज्ञान तिथे आहे, ते कॉलेजच्या तासाला क्वचित मिळते. पण शैलीच्या दृष्टीने तिथली पाहण्यासारखी गोष्ट डोळ्यांची आखणी आहे. गणपतीचे रूप ठरलेले, साचा ठरलेला, गिऱ्हाइकाची अपेक्षाही ठरलेली. एवढ्या बंधनात मूर्तिकाराला स्वतःचे असे उरते ते पापणीच्या रेषेचा झोक आणि बुबुळाची जागा. जुनी गिऱ्हाइके आखणी पाहून मूर्ती कोणाच्या हातची ते ओळखतात. विषय वेगळा निवडला म्हणजे शैली आली, असे मानणाऱ्यांनी हे काम जवळून पाहावे.

नक्कल करावी का

करावी, पण एका वेळी एकाच गोष्टीसाठी. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेल्या म. वि. धुरंधर यांच्या मानवाकृतींची नक्कल करायची, तर ती फक्त वस्त्राखालचे शरीर कसे दाखवले आहे एवढे शिकण्यासाठी करावी आणि नंतर तो विषय बंद करावा. चंद्रकांत मांडरे यांच्या राजारामपुरीतील कलासंग्रहालयात त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रे आहेत. रेषेचा आधार न घेता उठाव कसा आणावा, हे त्यांत पाहावे. शिल्पकार वि. पां. करमरकर यांनी घडवलेली म्हैस अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या शिल्पालयात आहे. ती आपले चार फेरे पूर्ण झाल्यावरच पाहावी, असा माझा आग्रह आहे. आधी पाहिली, तर आपली म्हैस करणे अवघड होऊन बसेल.

चित्रकाराने शिल्पात आणि शिल्पकाराने चित्रात लुडबुड करू नये, असे कोणी म्हणाले तर फार मनावर घेऊ नये. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते, पुतळे घडवत होते आणि सिनेमाचा कॅमेराही त्यांनी स्वतः बनवला. फ्रान्सचा चित्रकार देगा १९१७ साली वारला, तेव्हा त्याच्या स्टुडिओत मेणाची आणि मातीची सुमारे १५० शिल्पे सापडली; हयातीत त्यातले एकच त्याने प्रदर्शनात मांडले होते. उरलेली शिल्पे त्याने कोणाला दाखवण्यासाठी केलेली नव्हती. नर्तकी आणि घोडे यांचे शरीर समजून घेण्याचे ते त्याचे साधन होते, आणि आपल्या मातीकामाकडेही सुरुवातीची काही वर्षे असेच पाहावे.

दुसरा विषय

एका विषयातून जो कल हाती आला, तो खराच आपला आहे की त्या विषयाचाच गुण आहे, हे पाहण्यासाठी दुसरा, शक्य तितका वेगळा विषय घ्यावा. म्हशीत वजन खाली बसलेले आले, यात नवल नाही. म्हैस असतेच तशी. तोच हात आजीच्या डोक्यावर काम करतानाही हनुवटी आणि मान जड करतो का, की तिथे वेगळेच काही घडते? दुसऱ्या विषयाच्या वेळी पहिल्याचे कागद काढून ठेवावेत आणि सर्व फेरे संपेपर्यंत ते पाहू नयेत. त्यानंतर दोन्ही ढीग शेजारी मांडावेत आणि ज्या दोनतीन गोष्टी दोन्हींत आढळतात, त्या वहीच्या पहिल्या पानावर साध्या शब्दांत लिहाव्यात, उदाहरणार्थ ‘कडा मऊ’, ‘तळ रुंद’, ‘डोळे शेवटी’. पुढचे मोठे काम सुरू करताना त्या वाचाव्यात, पण काम चालू असताना वाचू नयेत. आणि वर्षभराने ते पान न पाहता नवी यादी करून दोन्ही ताडून पाहाव्यात.